मुलांच्या चुकांचा प्रोग्राम
मूल चुकले की आपोआप सोपे गणित देणाऱ्या पद्धतीवर एका परदेशी कंपनीने पेटंट मागितले आहे. ती पूर्वी कोणी वापरली होती का, असे विचारणारे वकिलांचे पत्र मला आले आणि मी शिकवत होतो त्या मुलुंडच्या शाळेतली, चपला बाहेर काढून जायची ती थंडगार संगणक-खोली आठवली. ऐंशीच्या दशकात तसा प्रोग्राम तिथे गणिताच्या बाईंनी लिहिला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारले, “कोणी केलं हे?” बाई शेजारीच उभ्या असताना मी म्हणालो, “मी, साहेब.” साहेब गेल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “त्यात एक चूक राहिलीय, सर. आता तुम्हीच काढा ना!” मला ती सापडलीदेखील नाही. पत्राच्या उत्तरात मी बाईंचे नाव लिहिले आहे. त्यांना शोधण्याचे धैर्य मात्र अजून झालेले नाही.