लाल फितीचं वांगं

शेजारचे काका भाजीपाल्याची नवी वाणं काढतात. काल त्यांच्या वाफ्यातली सगळी वांगी अळीनं पोखरलेली होती. एकच तुकतुकीत, देठाला लाल फीत बांधलेलं. काकूंना वाटलं, भरतासाठीच हेरून ठेवलंय!

वाटीभर भरीत माझ्याकडंही आलं. चाटूनपुसून खाताना मनात आलं, चांगलं दिसलं की आपण आधी तोंडात घालतो. वंश वाढतो तो नाक मुरडून सोडून दिलेल्यांचाच.

तेवढ्यात काका वही घेऊन आले. चेहरा पार उतरलेला. "तीन वर्षांत अळीनं सोडलेलं पहिलंच फळ, बियाण्याला राखलेलं! आता निदान चव तरी सांगा, लिहून ठेवतो."

मी ओशाळून खरं तेच सांगितलं, "लोणी हो! एकही बी दाताखाली आली नाही."