विहिणीची चटई

अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील. चौथीनंतर पेन हातात घेतला तो इथे कॅनडात, बर्नाबीत, मुलाच्या बेसमेंटमध्ये. वाचणारं कुणी नाही, तरी माफी मागून ठेवते.

माझी विहीण, म्हणजे सुनेची आई, पॅसिफिक समुद्रातल्या सामोआ देशातल्या सावाई बेटावरची. बेटाच्या मधोमध ज्वालामुखीचे डोंगर, गावं सगळी समुद्राच्या कडेला, आणि बेटाला वळसा घालणारा एक रस्ता. एका गावात वितळलेला दगड चर्चमध्ये शिरला आणि तिथेच थिजला. हे सगळं नात तिच्या मांडीवर बसून ऐकते आणि मी भाकऱ्या थापताना ऐकते. समुद्र आमच्या वसईलाही आहे. नातीने कधी विचारलं नाही. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही, आतून मात्र मी जळायचे. त्यात मुलाचा जॉब गेलेला असताना मला इथे आणायचं तिकीट विहिणीनेच काढलेलं.

नातीच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे चर्चमध्ये तिने पहिल्यांदा प्रसाद घेतला त्या दिवशी, विहिणीने मला चटई दिली. रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं होतं. मी ती घरामागच्या लाकडी डेकवर अंथरून तांदळाचे पापड वाळत घातले.

"आजी, दॅट्स नॉट फॉर फूड!" नात ओरडली.

केवड्यासारख्या पानांची ती चटई विणायला महिने जातात. तिच्यावर कुणी बसत नाही. लग्नाला, मयताला ती एका घराने दुसऱ्या घराला द्यायची, तीच मोठी इज्जत. सुनेने हे सांगितलं तेव्हा मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

विहिणीने पापड उचलून वास घेतला. "माय मदर, शी विल किल यू," म्हणाली आणि पोट धरून हसली. मग विचारलं, "युवर व्हिलेज, व्हेअर यू ड्राय?"

"ऑन द खाट. निअर सी."

"आजी, तुझ्याकडे पण सी आहे?" नात माझ्याजवळ सरकली.

त्या दुपारी मी किल्ला सांगितला, केळीच्या बागा सांगितल्या, सुकत घातलेले बोंबील सांगितले. पण विचारलं आधी विहिणीनेच, हे अजून सलतं.

चटई आता कपाटात आहे. पापड मी जुन्या चादरीवर घालते आणि चर्चमधल्या बायकांना विकते. काल त्यातूनच तिकिटाच्या उधारीचे शेवटचे पैसे विहिणीच्या हातावर ठेवले. सगळे फिटले.