डिस्क मी रिकामी केली होती

माझ्या मेहुण्याचं ठरत आलेलं लग्न मी मोडलं. आमच्या घरात गेली वीस-पंचवीस वर्षं ते त्याच्या स्वतःच्या वेंधळेपणामुळे मोडलं असं सांगितलं जातं, आणि मी ते मान डोलावून ऐकतो. आता माझे दिवस थोडे उरलेत, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

नंदू हा माझ्या बायकोचा, सुलभाचा, धाकटा भाऊ. नव्वदचं दशक संपत आलं होतं. रोह्यात लग्नांचं शूटिंग करता करता त्याने कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरली. रंगमंचावर गाणं चालू असताना मागच्या पडद्यावर त्या गाण्याला शोभतील अशी हलती चित्रं दाखवायची. नावेच्या गाण्याला लाटा, आरतीला निरांजन. आपण खाली बसून ठेक्यावर आकड्यांची बटणं दाबायची, एका आकड्याला एक चित्र. पहिला कार्यक्रम ठरला सुलभाच्या भजनी मंडळाचा, पेणच्या एका सभागृहात, संध्याकाळी पाच वाजता.

याच सुमारास पेणजवळच्या जोहे गावचे एक मूर्तिकार आपल्या मुलीसाठी नंदूला पाहून गेले होते. माणूस हाताने गणपती घडवणारा. त्यांना एकच शंका होती.

"पोरगा चांगला हाय," ते म्हणाले, "पन ह्याचा धंदा काय म्हनून सांगायचा लोकांना?"

"पेणला या आणि डोळ्यांनी बघा," सुलभा म्हणाली. "आवडलं तर तिथंच सुपारी फोडू."

म्हणजे नंदूचं लग्न आता त्या पडद्यावर टांगलेलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नंदू माझ्या घरी कॉम्प्युटर ठेवून अलिबागला निघाला, पडद्यावर चित्र टाकायचं यंत्र आणायला. जाताना बहिणीला सांगत होता, "ताई, डिस्क गच्च भरलीय. भरलेल्या डिस्कवर चित्र अडखळतं. अर्धी रिकामी करायची, उरलेले तुकडे ओळीने लावायचे, मग पाण्यासारखं पळतं. मी आल्यावर जुनं काढून टाकतो. कोणी हात लावू नका हां."

"कोण लावतंय," सुलभा म्हणाली. "यांना रेडिओचं स्टेशन लावता येत नाय."

हे वाक्य मला लागलं. कारण कचेरीत माझं दहा दिवसांचं कॉम्प्युटरचं शिक्षण झालं होतं. (घरी सांगितलं नव्हतं. शेवटच्या परीक्षेत सबंध तुकडीत मी एकटाच नापास झालो होतो.) सुलभा भजनाच्या शेवटच्या तालमीला गेली आणि मी कॉम्प्युटर चालू केला.

आता माझी नोकरी सांगायला हवी. मी सरकारी कचेरीत अभिलेखपाल होतो, म्हणजे जुन्या कागदांचा राखणदार. आमच्याकडे कागदांचे चार वर्ग. अ वर्ग कायम जपायचा, ड वर्ग वर्षभरात नष्ट करायचा. ज्या कागदावर नाव, गाव आणि माणसांचा व्यवहार, तो अ वर्ग. ज्यावर यातलं काहीच नाही, तो ड. तीस वर्षं मी 'जुनं काढून टाका' म्हणणाऱ्या प्रत्येक साहेबाशी भांडलो होतो. घरच्या मेहुण्याचं ऐकणार होतो थोडाच?

मी एकेक चित्रफीत उघडून पाहिली. एक ते नऊ आकडे दिलेल्या नऊ फिती होत्या. पहिलीत समुद्राच्या लाटा. कोणत्या गावचा समुद्र? नोंद नाही. दुसरीत चांदणं. तारीख नाही. तिसरीत निरांजन, मालक अज्ञात. सगळा ड वर्ग. याउलट 'जुनं' नावाच्या कप्प्यात काय ऐवज होता! खांब गावात झालेली जमिनीची मोजणी, त्यात दोन सख्खे चुलतभाऊ हद्दीच्या दगडावर बसून भांडतायत. कोणाच्या तरी गोठ्याचं उद्घाटन. आणि नंदूने लग्नासाठी मुली पाहिल्या त्या कार्यक्रमांच्या सात फिती. (माझ्या सासऱ्यांचे गुडघे दुखत, त्यांना जाता येत नसे, म्हणून नंदू कॅमेरा कपाटावर ठेवून सगळं शूटिंग करून आणायचा.) नाव, गाव, दोन्ही बाजूंची माणसं, बोलणी. याहून अस्सल अ वर्ग मी सरकारी दप्तरातही पाहिला नव्हता.

ड वर्ग नष्ट केला. मग कॉम्प्युटरची कचऱ्याची पेटीही रिकामी केली, कारण कागदाची राख झाल्याशिवाय मी नाशाच्या नोंदीवर सही करत नसे. आता एक ते नऊ हे क्रमांक मोकळे पडले. नोंदवहीत क्रमांक तुटलेला मला सहन होत नाही. मी ते अ वर्गाला बहाल केले, आधी मोजणी, मग गोठा, मग मुली तारखेप्रमाणे. शेवटी तुकडे ओळीने लावायचं बटण दाबलं. दोन तास पडद्यावर रंगीत चौकोन शिस्तीत सरकत होते. इतकी सुंदर कचेरी मी जन्मात पाहिली नाही.

दुपारी शेजाऱ्यांकडे नंदूचा फोन आला. "भावोजी, यंत्र मिळायला उशीर झालाय. मी परभारे पेणला जातो, तुम्ही भजनी मंडळाच्या जीपमधून कॉम्प्युटर घेऊन या. साफसफाई तिथंच करतो."

ती तर मी कधीच उरकली होती. कार्यक्रम संपल्यावर जोह्याच्या पाहुण्यांसमोर जाहीर करायचं ठरवलं होतं, म्हणजे कौतुकही जरा मोठं होईल.

वडखळला गाड्यांची रांग लागली आणि आम्ही पोचलो तेव्हा पाचला पाच मिनिटं होती. नंदूने धावत येऊन तारा जोडल्या, डिस्क बघितली आणि डोळे चोळले.

"अरेच्चा, अर्धी रिकामी हाय. आकडे पण जागेवर. मीच काल पेंगत पेंगत केलं वाटतं."

"तूच केलं असशील," मी म्हणालो.

पडदा वर गेला. बायकांनी नावेचं गाणं धरलं. नंदूने एक दाबला. सुलभाच्या डोक्यामागे दोन चुलतभाऊ प्रकटले. पहिल्याने दुसऱ्याची गचांडी धरली. नंदूने घाईघाईने दोन दाबला. चांदण्याच्या गाण्यावर म्हैस आली. एक मात्र सांगतो, चित्र एकदाही अडखळलं नाही. म्हशीची शेपटी इतकी सुरळीत हलत होती की बघत राहावं.

निरांजन तरी असेल या आशेने नंदूने तीन दाबला. पडद्यावर दहा फूट उंचीचा नंदू, नवा शर्ट घालून, पोहे खात होता. समोर एक मुलगी मान खाली घालून बसलेली. चार दाबला. तोच शर्ट, तेच पोहे, मुलगी दुसरी.

"ह्या पोह्यांत शेंगदाणे हायेत," मागून कोणीतरी म्हणालं.

सुलभा गाणं सोडून पडद्यापुढे हात पसरून उभी राहिली, तोवर नंदू सातवर पोचला होता, पाचव्या घरचे पोहे तिच्या पातळावर दिसायला लागले. जोह्याचे पाहुणे माझ्या शेजारीच बसले होते. ते शांतपणे बोटं मोजत होते.

"पावनं," त्यांनी मला विचारलं, "आमची पोर कितवी?"

"आठवी," मी म्हणालो. (तीस वर्षं अचूक माहिती देण्याची सवय.)

ते उठले. "धंदा कललां आमाला," म्हणाले आणि जोह्याच्या गाडीला गेले.

नंदू रंगमंचाच्या पायरीवर बसला होता. "भावोजी, झोपेत मीच भलतं पुसलं. लाटा गेल्या, सगळंच गेलं." सुलभा त्याला घालूनपाडून बोलत होती. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय?"

नंदूने कॉम्प्युटर विकला आणि धाटावच्या कंपनीत शिफ्टला लागला. पुढे लग्न झालं, संसार चांगला चाललाय, पण घरात काहीही बिघडलं की अजून त्याच्याकडेच बघतात. परवा त्याच्या पन्नाशीला सगळे जमले होते. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. वर्ग, राख, क्रमांक, काही लपवलं नाही.

मग नंदू आला आणि माझ्या पाया पडला.

"भावोजी, माझ्यासाठी एवढं स्वतःवर घेताय. तुम्हाला तर अजून मोबाईलवर फोन उचलता येत नाय."

सुलभाने डोळे पुसले. कोणीतरी शाल आणली, ती माझ्या खांद्यावर घातली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, तर टाळ्या वाढल्या.

म्हणून शेवटी हे लिहून काढलं. काल सुलभाला वाचून दाखवलं. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय. पण नंदूसाठी एवढं खोटं पुरे झालं हो आता, या वयात बरं नाय दिसत."