नव्या तुळया जुन्या करताना

आखातात, खलिफा सिटीत एका इंग्रज साहेबाचा विला आतून सजवायचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि मी साइटवर सुपरवायझर. दोन हजार सालानंतरची गोष्ट. साहेबाला विलात आपल्या खेड्यातलं शेकडो वर्षं जुनं घर हवं होतं. डोक्याला लागेल असं बुटकं छत, त्याखाली काळ्या, ओबडधोबड तुळया, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या काचांच्या इवल्याशा खिडक्या आणि माणूस आत उभा राहील एवढी शेकोटी. बाहेर वाळू भाजत होती आणि आत शेकोटी!

तुळया मात्र कोऱ्या होत्या. जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांना साखळीने झोडपायचं, वाकसाने कडा फोडायच्या. लाकूड गुळगुळीत करण्यात जन्म गेलेल्या आमच्या मालवणी सुताराला हे सांगितलं तेव्हा तो खो खो हसला. मारायचाही हळूच. फोरमन खेकसायचा, "जोर से मार, तेरा बच्चा है क्या?"

मग निरोप आला, सुताराची आई अत्यवस्थ आहे. पासपोर्ट कंपनीच्या ताब्यात. "सायबानू, माका फक्त तिचा तोंड बघूक होया," तो मला म्हणाला. रजेचे अर्ज फोरमनच्या हातूनच पुढे जायचे, म्हणून मी त्याला गाठलं. फोरमनचं रोज एकच, "अगले महीने, इन्शाल्ला."

आई गेल्याचा फोन आला त्या सकाळी सुतार फोरमनपुढे जाऊन उभा राहिला. फोरमन म्हणाला, "अब तो खलास हो गया. अब जाके क्या करेगा? यल्ला, काम कर."

त्याने काम सुरू केलं. साखळी दोन्ही हातांनी धरून तो तुळई फोडू लागला, ढलप्या आमच्या तोंडावर उडत होत्या. फोरमनने थांबवायला खांद्यावर हात ठेवला, तशी तीच साखळी त्याच्या जबड्यावर बसली. दात तुळईवर सांडले. तो पडल्यावरही सुतार मारतच होता. त्याला ओढताना माझं मनगट फाटलं. तरी खरं सांगतो, फोरमनची मला काडीचीही कीव आली नाही.

फोरमनला इस्पितळात हलवलं. पोलिसांनी सुताराला नेलं आणि पुढे तुरुंगातून परस्पर विमानात बसवलं. तुळईवरचं रक्त आम्ही घासलं, पण ते लाकडात मुरलं होतं.

साहेब आला आणि नेमका त्याच तुळईवर हात फिरवत राहिला. "परफेक्ट. बाकीच्याही अशाच करा."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "सर, त्यासाठी सुताराची आई मरावी लागते."

साहेब हसला. त्याला ती आमच्याकडची एखादी म्हण वाटली.