बिबट्याची बाजू कोण मांडणार

मी शिकवणाऱ्यांना शिकवते. हे सांगितलं की मंचरच्या बाजारात ओळखीची माणसंसुद्धा जरा थांबून माझ्याकडे बघतात. आमच्याकडे ऊस वाढला, उसात बिबटे वाढले. कुणावर हल्ला झाला की त्या घरी सगळ्यात आधी वनरक्षक पोचतो, आरोग्यखात्याची आशाताई पोचते, नाहीतर शाळेतले गुरुजी. हादरलेल्या माणसांशी तिथं कसं बोलायचं, काय विचारायचं नाही, कधी नुसतं बसून राहायचं, हे त्यांना शिकवणारी माणसं तयार करायची, असं माझं काम. माझे थोरले दीर हे ऐकून म्हणाले होते, "म्हणजे बिबट्या सोडून सगळ्यांना शिकवणार." ते तसंच होतं.

बिबट्यावरच्या पहिल्या शिबिरासाठी मी काम करते त्या संस्थेने एक पुस्तिका पाठवली. ती मुळात युद्ध चालू असलेल्या देशांसाठी लिहिलेली होती आणि कुणीतरी फार घाईत तिचं मराठी केलं होतं. सोबत एका ओळीची सूचना: स्थानिक परिस्थितीनुसार बदल करून घ्यावेत. माझ्या हातात दोन दिवस होते. मी कॉम्प्युटरवर बसले आणि जिथं जिथं 'गोळीबार' होतं तिथं तिथं एका फटक्यात 'बिबट्या' केलं. वाचून बघायला वेळ मिळाला नाही. प्रती छापून आल्या तेव्हा पान अकरावर लिहिलं होतं, 'सत्र चालू असताना जवळपास बिबट्या सुरू झाल्यास शांत राहावे. बिबट्या थांबल्यावर सहभागींना पाणी द्यावे.'

शिबिर निरगुडसरच्या रस्त्याला एका मंगल कार्यालयात होतं. मालक मंचरचे कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. त्यांनी हॉल मोकळ्या मनाने दिला आणि आपण होऊन स्टेजमागे फ्लेक्सही लावला. फ्लेक्सवर दहा फुटी बिबट्या जबडा वासून उभा. मी म्हटलं, "शेठ, इथं येणाऱ्यांतल्या काहींनी हे प्रत्यक्ष पाहिलंय. हा काढा." शेठना फार वाईट वाटलं. काढायला शिडी नव्हती, म्हणून त्यांनी त्याच्यावर हाताशी होता तो दुसरा फ्लेक्स चढवला. तो आदल्या आठवड्यातल्या डोहाळजेवणाचा होता. पुढचे तीन दिवस आम्ही एका हसऱ्या गरोदर बाईच्या फोटोखाली बसून शिकलो.

अठरा जण आले होते. सुरुवातीचा खेळ पुस्तिकेतच होता: सहभागींना सांगा, मनावरचं ओझं बाहेर काढून क्षणभर टेबलावर ठेवा. हे डोळे मिटून, मनातल्या मनात करायचं असतं. पुढच्या रांगेतल्या एक आशाताई उठल्या. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, आवाज मात्र शेताच्या पलीकडे जाईल असा. त्या उसाच्या कडेने चालत आल्या होत्या, म्हणून गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा होता. आता बऱ्याच बाया शेतात तो घालतात, बिबट्या मान धरतो म्हणून. त्यांनी पट्टा सोडला आणि टेबलावर बिस्किटांच्या ताटाशेजारी ठेवला.

"लई जड हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "बरं केलं इचारलं."

मग मी नियम सांगितले. दारं उघडी राहतील. कुणीही कधीही उठून जाऊ शकतं, कारण सांगायची गरज नाही. कुणावर आपली हकीकत सांगायची सक्ती नाही. हे शेवटचं वाक्य पुरं व्हायच्या आत एक वनरक्षक उभा राहिला. तिशीतला, धिप्पाड, गणवेश कडक इस्त्रीचा.

"मॅडम, मला पिंजऱ्यात कोंडलं व्हतं. सांगू का?"

सक्ती करू नये, हे पुस्तिकेत चार ठिकाणी होतं. आनंदाने सांगायला उठलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हे कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "सांगा."

एका गावात बिबट्याने लागोपाठ दोन कालवडी मारल्या आणि एका म्हाताऱ्या बाईला ओढत नेता नेता सोडलं. बाई वाचली. गाव खवळलं. वनरक्षक पिंजरा घेऊन पोचला, पण पिंजऱ्यात ठेवायची शेळी मागून येणार होती. शेळीचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकला होता. लोक म्हणाले, शेळी येईपर्यंत तू बस. आणि त्याला खरोखरच आत घालून दार पाडलं.

"दुपारी दोन ते साडेसहा," तो सांगत होता. "साहेबांना आतनं फोन केला. साहेब म्हनले, वातावरन बिघडवू नको, मी येईस्तोवर हाय तिथंच थांब. आता मी जानार कुटं? मग गावानंच च्या दिला. गजातनं कप जाईना, म्हून बशीत वतून दिला. ज्यानं कोंडलं त्यानंच दिला. आन पंचनामा? त्यो बी मलाच करावा लागला राव. दुसरा स्टाफ न्हाई. आत बसून लिवलं, पिंजऱ्याची स्थिती चांगली."

हॉल हसून लोळला. आलेल्यांत शाळेतले एक गुरुजी होते, त्यांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मीही हसले. अगदी पोट धरून हसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण मी तिथली जाणकार होते.

दुसऱ्या दिवशी सराव होता. हल्ल्यानंतर गावात बैठक भरली आहे असं धरून ती चालवून दाखवायची. पुस्तिकेत लिहिलं होतं, 'संघर्षातील दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना समान वेळ द्यावा.' गुरुजींनी हात वर केला आणि पूर्ण गांभीर्याने विचारलं, "बिबट्याची बाजू कोण मांडणार?"

मी सांगितलं की पुस्तिकेत चूक आहे, पुढं जाऊ. पण कुणी पुढं जाईना. एकजण म्हणाला, पुस्तिकेत हाय म्हंजी काय तरी कारन असंल. दुसरा म्हणाला, त्याचं घर उसात, ऊस आपन तोडतो, त्याला बी बोलू द्या. अर्धा तास चर्चा होऊन ठरलं की बिबट्यासाठी एक खुर्ची मोकळी ठेवावी. ही चर्चा शेठच्या कानावर गेली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एका गणेश मंडळाच्या गोदामातून फायबरचा बिबट्या उघड्या टेम्पोत घालून मागवला आणि स्वतः खुर्चीवर बसवला. आशाताईंनी नवरीला पांघरतात तसली एक शाल शोधून त्याच्या डोक्यावरून टाकली.

"ह्ये झाकलेलं बरं," त्या म्हणाल्या.

सराव सुरू झाला. वनरक्षक चिडलेल्या गावकऱ्याचं काम करत होता आणि ते त्याला फार छान जमत होतं. हात नाचवत तो विचारत होता, तुमचं खातं झोपलंय का, पिंजरा कवा लावनार. तेवढ्यात बाहेर पळापळ ऐकू आली. कार्यालयाचं लोखंडी सरकतं दार कडकडत बंद झालं, आणि बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. गजांतून शेठ दिसले, घामाघूम.

"कुणी बाहेर येऊ नका. मागच्या उसात बिबट्या आहे. तुमच्या सुरक्षिततेसाठी कुलूप लावलंय."

वनरक्षकाचा हात हवेत होता तो खाली आला. वाक्य अर्धंच राहिलं. तो जवळच्या खुर्चीवर बसला, दाराकडे बघत. मग अगदी साध्या आवाजात त्याने विचारलं, "शेळी आली का?"

मागं कुणीतरी हसलं. मग त्या हसणाऱ्यालाही कळलं. वनरक्षकाचा गणवेश काखेत आणि पाठीवर पार भिजला होता. त्याच्या गुडघ्यावरचा हात सारखा एकाच ठिकाणी कापड चिमटीत धरत होता आणि सोडत होता.

मला सगळं येत होतं. बिबट्यांच्या आधीही मी हे वर्षानुवर्षं शिकवलं होतं. मी त्याच्यासमोर गेले आणि म्हटलं, "भाऊ, आजूबाजूला बघा. दिसतात त्या पाच गोष्टी मला सांगा." घाबरलेल्या माणसाला समोरच्या क्षणात आणायची ही पद्धत आहे, आणि ती चांगली आहे. त्याने आज्ञाधारकपणे मान वळवली.

"गज," तो म्हणाला. "कुलूप." मग त्याची नजर स्टेजकडे गेली. "पोटुशी बाई. शाल घेतलेला बिबट्या." आणि माझ्याकडे बघितलं. "पाचवं काय सांगू मॅडम?"

मी बाकीच्यांकडे वळले. मी सगळ्यांना "शांत राहा, शांत राहा" असं म्हणत होते. नंतर गुरुजींनी सांगितलं की त्या हॉलमध्ये तेवढा वेळ माझ्याशिवाय कुणीच आवाज करत नव्हतं.

आशाताई दाराशी गेल्या.

"शेठ, कुलूप काढा."

"ताई, बिबट्या आहे."

"असू द्या. दार लोटलेलं ऱ्हाऊ द्या. कुलूप आन चावी माझ्याकडं द्या."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. कुलूप निघालं, गजांतून आत आलं. आशाताईंनी ते वनरक्षकाच्या हातात दिलं. "दादा, ह्ये तुमच्यापाशी ठिवा. आतनं लावायचं का उघडं ठिवायचं, तुमी ठरवा. वनखात्याचं मानूस तुमीच हाय हितं."

त्याने कुलूप हातात फिरवून बघितलं. उठला, दार हातभर सरकवलं, बाहेर पाऊल टाकलं, पुन्हा आत आला. पुन्हा बाहेर गेला. तिसऱ्यांदा आत आल्यावर त्याचा आवाज नेहमीसारखा झाला होता. "कुनी बघितला? कुटं?"

कुणीच बघितला नव्हता. शेठच्या मोबाइलवर फोटो आला होता, आजूबाजूच्या चार गावांत फिरून. 'निरगुडसर रोडला बिबट्या, सावध राहा.' वनरक्षकाने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ न्याहाळला.

"शेठ, ह्याला मिशा नायत," तो म्हणाला. "आन ह्यो टेम्पोत हाय."

सगळ्यांनी वळून शालीकडे बघितलं. शेठ तिथंच पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही त्या दिवशी पुढं काही शिकलो नाही. आशाताईंनी शेठना पाणी नेऊन दिलं. आपण केवढं काय करून बसलो हे त्यांना समजलं होतं आणि ते सारखं म्हणत होते, मी चांगल्यासाठीच केलं.

सगळे पांगल्यावर वनरक्षक माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मी काही विचारलं नाही. हे मात्र शहाणपण नव्हतं. मला तेव्हा काही सुचतच नव्हतं. रस्त्यावरून कांद्याच्या गाड्या मंचरकडे चालल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत बोलला.

"काल एक सांगितलं नाय मॅडम. साडेसहाला दार उघडलं ना, मी लगीच नाय उठलो. साहेब म्हनतायत, चल, आन मी आतच. दहा मिंटं बसलो. भ्यायलो नव्हतो. दिसभर समदे शिव्या देत व्हते, त्यांचं बी बरोबर व्हतं. त्या म्हातारीचं अंग मी बघितलं व्हतं सकाळी. आत गेल्यावर कुनी काय मागंना. आत बरं वाटलं. ह्ये कुनाला सांगावं? सांगितलं की लोकं हसायची बंद व्हतील."

मी म्हटलं, "मी काल हसले, ते चुकलं."

"हसायचंच हाय ते," तो म्हणाला. "बशीतनं च्या पाजला राव पिंजऱ्यात." आणि स्वतःच हसला. पण यावेळी मी हसले नाही आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी तो येईल असं मला वाटलं नव्हतं. आला, आणि वेळेआधी आला. दिवसभर मागच्या रांगेत बसून सगळं लिहून घेतलं. शेठ दर तासाला येऊन विचारायचे, दार ठीक आहे ना. संस्थेला पाठवायच्या अहवालात एक रकाना होता, 'सत्रादरम्यान आलेले अडथळे'. तिथं दोनच ओळी मावत होत्या. मी लिहिलं, 'प्रशिक्षिकेची तयारी अपुरी.' त्यांनी उत्तरात कळवलं की नम्रता आवडली, पण खऱ्या अडथळ्यांची माहिती द्यावी. पुस्तिका मात्र मी दुरुस्त केली. पंधरा दिवस बसून ओळ न् ओळ वाचली.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्या वनरक्षकाने आपलं पहिलं सत्र घेतलं, आणे पठारावर, शाळेच्या ओसरीत. मी एसटीने गेले आणि मागं बसले. तिथं ऊस नाही, तरी बिबट्या यायला लागला होता, आणि माणसं भेदरण्यापेक्षा चकित जास्त होती. बावीस माणसं आली होती. त्याने पिंजऱ्याची गोष्ट सांगितली नाही. फार थोडं बोलला. मधेच अडखळला, कागदात बघितलं, कागद उलटा आहे हे लक्षात येऊन सुलटा केला. माणसं एकेक करून उठायला लागली. कुणाला बाजरीचं दळण आणायचं होतं, कुणाची गाडी होती. तो कुणालाच अडवत नव्हता. शेवटी तिघं उरली. त्यांतला एक मेंढपाळ होता. त्याची कोकरं गेली होती, आणि सकाळपासून त्याने तोंड उघडलं नव्हतं.

वनरक्षकाने घड्याळ बघितलं. "झालं म्हनायचं आता," तो म्हणाला.

"बसा की," मेंढपाळ म्हणाला.

तो बसला. मेंढपाळ काही बोलला नाही, यानेही विचारलं नाही. माझी परतीची गाडी चारची होती, म्हणून मी आवाज न करता उठले.