नाताळातली पाखाडी फेब्रुवारीत

हरिहरेश्वराच्या कृपेने आज आनंदाचा दिवस. तो मनुबाईंनी दाखवला, म्हणून डायरीचं आजचं पान त्यांचं.

आमच्या शेजारच्या मनुबाई पर्यटकांना जेवण करून घालतात. मुलगा महादेव गवंडी. दिवाळी ते नाताळ तोही घरी मासे तळतो. मग शाळांच्या परीक्षा जवळ आल्या की गाव ओस पडतं आणि तो कामासाठी पनवेल गाठतो. यंदा सून सोनल पोटुशी. महादेवला या वेळी घरी ठेवायचंच, असं मनुबाईंनी मनाशी धरलेलं.

ऑक्टोबरात ग्रामसभा भरली. देवळाकडे जाणारी पायऱ्यांची पाखाडी बांधायला सरकारी निधी मंजूर झाला होता.

"नाताळात सुरू करू, गावात पैसा खेळेल," सरपंच विनेश म्हणाला. "हवं तर देवाला कौल लावू."

"देवाला कशाला तरास देतोस?" मनुबाई उठल्या. "नाताळात ज्याला काम नसतं त्यानं हात वर करा."

कुणीच केला नाही. रिक्षावाला भागोजी म्हणाला, "मला तर जेवायला सवड न्हाय."

"मंग बांधनार कोन? भायेरची मानसं. मागं रस्ता असाच भर सीझनला केलात. मजुरी वाढली, रेती महागली, पैसा आला तसा गेला. आन लॉकडाउनात नाला उपसायची मजुरी मिळाली, तर दुकान, गिरण, शिंपी, सगळी हलली. पैसा तवाबी सरकारचाच व्हता. पन गाव बसून व्हतं." त्यांनी पदर खोचला. "आता सांगा, फेब्रुवारीत कोन कोन बसून असतं?"

सभाभर हात. माझाही.

"काकी, मार्चअखेर काम संपलं नाही तर निधी परत जातो," विनेश म्हणाला.

"तुझ्या लग्नाचा मांडव आमीच घातला ना? तू ऐनवेळी तारीख बदललीस तरी येळेत?"

सभा हसली. विनेशही हसला. ठराव झाला.

फेब्रुवारी उजाडला आणि महादेवच्या हाताखाली गावचीच माणसं लागली. परीक्षांच्या दिवसांत कधी नव्हे ती गिरण दुपारीही घरघरू लागली. शिंप्याकडे ब्लाउज टाकला, तर म्हणाला, थांबावं लागेल. एवढं बरं वाटलं मला थांबायला.

आज, मार्च सरायच्या आत, शेवटची पायरी बसली. देवाला नारळ वाढवला, ढोल वाजला. मनुबाई पाखाडी चढून देवळापर्यंत गेल्या, मागे सगळं गाव.

विनेशने विचारलं, "काकी, पुढे विहिरीचं काम यायचंय. कधी धरू?"

"मला काय इचारतोस? गाव कधी बसून असतं ते बघ."

तेवढ्यात महादेवचा फोन वाजला. पनवेलचा मुकादम. महादेवचे हात सिमेंटने भरलेले, म्हणून सोनलने घेतला.

"न्हाय येनार ते," ती म्हणाली. "हितंच काम हाय."