आधी हिच्या फोनवर

आमच्या सेलूत कापूस मार्केटच्या रस्त्याला महांतेशचं मोबाइलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, रिचार्ज, काच बसवणं, असली कामं. पण हा माणूस स्वतःला दुकानदार समजत नाही, तंत्रज्ञ समजतो. फोनचं नवं सॉफ्टवेअर यायचं असलं की कंपनी त्याची कच्ची आवृत्ती आधी हौशी लोकांना वापरायला देते आणि चुका सापडल्या तर कळवा म्हणते. त्याला बीटा म्हणतात. महांतेश प्रत्येक बीटाला नाव नोंदवणार आणि गिऱ्हाइकांना ऐटीत सांगणार, "परभणीत बी कुणाकडं न्हाई अजून."

एक गोष्ट मात्र तो गिऱ्हाइकांना सांगत नसे. ते कच्चं सॉफ्टवेअर त्यानं स्वतःच्या फोनवर कधीच टाकलं नाही. त्याच्या फोनवर दुकानाचा सगळा व्यवहार, बिघडला तर पंचाईत. म्हणून आधी बायकोच्या फोनवर. मी त्याची शेजारीण, एकदा तोंडावर विचारलं, तर दात काढून म्हणाला, "हिच्या फोनला काय झालं तर झालं, काकू. हिला कुठं फोन यायलाय?"

महेश्वरी बहिरी होती. जन्माची नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा मी गच्चीवरून हाक मारली की खालच्या अंगणातून ओ द्यायची. मग मेंदूज्वर झाला. ताप उतरला तो कान घेऊनच. महांतेशनं तिला नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर त्याच्याशी बराच वेळ बोलले, ही शेजारी बसून दोघांच्या तोंडांकडं बघत राहिली. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले? त्यानं नकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांना रुमाल लावला. ते रडणं तिनं अकरा वर्षं जपलं. घरात कुणी ताट आपटलं, कुणी तिच्याकडं बघून हसलं, की मला सांगायची, "पण ते रडले होते, काकू, माझ्यासाठी."

घरच्यांनी सुरुवातीला ओरडून बोलून बघितलं, मग कंटाळले, मग तिच्यासमोर काहीही बोलायला लागले. सासू मल्लम्मा कपाळाला विभूती लावून, तोंडभर हसून सुनेला जे बोलायची ते लिहायला माझा हात धजत नाही. सूनही हसून मान डोलवायची. माझ्या अंगाची लाही व्हायची. मल्लम्माला झापलं तर म्हणाली, "तिला कुठं ऐकू यायलंय?"

बीटापायी महेश्वरीच्या फोनचे हाल व्हायचे. तो तापायचा, मध्येच बंद पडायचा. एकदा त्यातले सगळे फोटो गेले. वारलेल्या बापाचे तेवढेच फोटो होते. तिला राग आला नाही. म्हणाली, "स्वतः माझा फोन घेऊन बसतेत, काकू. कुणाचा नवरा बसतो एवढा?" 

यंदाच्या बीटात एक नवी सोय होती. आसपास कुणी काही बोललं किंवा कसला आवाज झाला की फोन ते अक्षरांत लिहून दाखवायचा, मराठीतसुद्धा. महांतेशनं बॅटरी बघितली, रंग बघितले आणि फोन बायकोला परत दिला. ती सोय त्यानं उघडूनही बघितली नाही, कारण त्याला तिची गरज नव्हती. असं लिहून दाखवणारी अ‍ॅपं आधीपासूनच होती हे मला पुढं कळलं. मोबाइलचं दुकान चालवणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं, असं कुणी मला सांगू नये.

महेश्वरीचं बोट सहज त्या नव्या चिन्हावर पडलं. ती भाकरी थापत होती, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. पडद्यावर उमटलं: कुकरची शिट्टी. तिनं मागं बघितलं तर वाफ उडत होती. मग उमटलं: मेथी घ्या, ताजी मेथी. ती पिठाच्या हातानं बाहेर पळाली. मेथीवाला खरंच दारात उभा होता. तिथून माझ्याकडं आली आणि फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"बोला, काकू, कायबी बोला."

"याड लागलं का गं तुला, महेश्वरी?"

ते तिनं वाचलं आणि मटकन खाली बसून रडली. मीही रडले.

"ह्यांना सांगू नका," डोळे पुसून म्हणाली. "जेवायला बसल्यावर त्यांचं बोलणं वाचते अन् पटकन उत्तर देते. बगा कसे दचकतेत." अकरा वर्षांनी नवऱ्याचा शब्द तिच्यापर्यंत पोचणार होता. दिवसभर तिचे पाय जमिनीवर नव्हते. पुरण घातलं, नवी साडी नेसली.

त्या दिवशी पूर्ण्याहून नणंद नीलमही आली होती. सगळे जेवायला बसले. महेश्वरीनं फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला. ती फोनवर मालिका बघते याची घरात सवय होती, कुणी लक्ष दिलं नाही. पुढचं तिनं मला सांगितलं तसंच सांगते.

आधी नीलमचं बोलणं उमटलं. "दादा, वैनीचं ऑपरेशन तवाच करायचं होतं. डॉक्टर म्हणला होता ना, लवकर केलं तर ऐकू येईल, नंतर आतलं हाड भरून येतं म्हणून."

मग मल्लम्माचं. "कशाला? लाखानं पैसा घालायचा, अन् वरून ही ऐकायला मोकळी."

मग ज्याची ती वाट बघत होती ते आलं. महांतेश तिच्या पोळीवर तूप वाढत होता, तिच्याकडं बघून हसतही होता. पडद्यावर उमटलं: "बरंच झालं की. लोकांच्या बायका किती कटकट करतेत. ही ऐकत न्हाई म्हणून भांडत न्हाई. माझं घर कसं शांत हाय बग."

महेश्वरी नेहमीसारखी हसली. तिनं ती पोळी खाल्ली. सगळ्यांची ताटं उचलली, भांडी घासली.

सकाळी माझ्याकडं आली, झालं ते सगळं सांगितलं आणि माझा हात धरून मला त्यांच्या घरी घेऊन गेली. महांतेश दुकानाला निघाला होता. तिनं विचारलं, "डॉक्टर ऑपरेशन करा म्हणले होते का?"

तो आधी गांगरला. मग त्याची नजर फोनवर गेली आणि त्याला वाट सापडली. तोंड मोठं करून, बोटानं फोन दाखवत म्हणाला, "बीटा हाय ते! कच्चं सॉफ्टवेअर! मनाचं कायबी लिहितंय! काकू, तुमी तरी सांगा हिला."

 मी महेश्वरीचा चेहरा बघत होते. त्याचं म्हणणं खरं असावं असंच तिला वाटत होतं. तिनं मान डोलवली, एकदा नव्हे, दोनदा. आदल्या दिवशी ज्या फोनमुळं आनंदानं रडली, तोच खोटा ठरावा म्हणून ती बाई तिथं जीव टाकत होती.

"मग बोला," ती म्हणाली आणि फोन त्याच्या तोंडापुढं धरला. "डॉक्टर काय म्हणले ते बोला. कुठं चुकतंय ते मी बगते."

दिवसभर गिऱ्हाइकांपुढं टकळी चालवणारा महांतेश बोलेना. ओठ नुसते हलले. पडदा कोरा.

"बोला की हो."

तो भिंतीकडं बघायला लागला. तेवढ्यात आतून, स्वयंपाकघरातून, मल्लम्मानं विचारलं आणि ते आम्हा तिघांसमोर पडद्यावर उमटलं: "काय रे महांतेशा, कळलं का काय तिला?"

एक अक्षर चुकलं नव्हतं.

महांतेशनं फोनला हात घातला, "दे, काढून टाकतो ते," पण तिनं दिला नाही. नंतर मी तिला घेऊन नांदेडला गेले. या वेळी डॉक्टरांचं बोलणं तिनं स्वतः वाचलं. हाड भरून आलेलं होतं. आता काही करता येणार नव्हतं.

महिन्या-दीड महिन्यात फोन आपोआप पक्क्या आवृत्तीवर गेला. ती लिहून दाखवायची सोय कंपनीनं त्यात ठेवलीच नव्हती. महांतेशला त्याचा पत्ता नाही. त्यानं बीटाचा नाद सोडलाय आणि तिचा फोन मागायची त्याची छाती होत नाही. तिनं मला फोन दाखवला तेव्हा मी म्हणाले, "दुसरं अ‍ॅप मिळतं गं, टाकून घेऊ." तिनं माझ्या ओठांवरून ओळखलं.

"नको, काकू. ऐकून झालं माझं."

अजून रोज जेवताना ती फोन तांब्याला टेकवून ठेवते. पडद्यावर काहीच येत नाही. समोर नवरा आणि सासू खाली मान घालून जेवतात, मीठ मागायचं तरी बोटानं दाखवतात. महांतेशला शांत घर हवं होतं. आता त्या घरात कुणीच बोलत नाही.